तिथं निंगी हाय

पाच हजार दोनशे छत्तीस भागिले सतरा.
भागूचं उत्तर अडतीस.
सोमवारी अडतीस, मंगळवारी अडतीस,
गुरुवारी ओल्या फडक्यानं पाटी कोपऱ्यापर्यंत पुसून
पुन्हा अडतीस.

खानापुरातून जांबोटीकडं जाताना डाव्या हाताला आमची शाळा.
दारावरचं नाव कन्नडात, आतला फळा मराठीत,
पोरं बाजारात हिशोब कन्नडात करतात
आणि पाढे म्हणताना मराठीत डुलतात.
तिचं हजेरीतलं नाव भागीरथी.
वर्गानं कधीच भागूबाई करून टाकलं,
"भागूबाईला भागाकार येईना!"
ती वळून बघत नाही.
"मी करतो की सर."
आमच्याकडं पोरी करतो, जातो असंच म्हणतात.
पुण्याच्या एक बाई ट्रेनिंगला आल्या होत्या,
हे चूक आहे म्हणाल्या.
त्या गेल्या. करतो राहिलं.

एकोणीस वर्षं मी उत्तरं सांडत आलोय.
"तेरात सतरा जात नाहीत, वर शून्य दे, पुढं चल."
पोरं शून्य द्यायची, पुढं चालायची,
आणि दिवाळीनंतर शून्य पुन्हा हरवायचं.
या खेपेला जीभ दातांखाली धरली.
हातचा राखून शिकवतो म्हणतील, म्हणू देत.

शुक्रवारी तिनंच मला गाठलं, हौदापाशी.
"बाबा भट्टीवर सतरा-सतरा कौलांची थप्पी लावतात.
अडतीस थप्प्या म्हणजे सहाशे शेहेचाळीसच कौलं झाली की.
बाकीची कुठं गेली?"
मी म्हटलं, "कुठं गेली?"
"बाबावर चोरीचा आळ येईल, सर."
आणि हसली नाही. खरंच काळजीत होती.

तपासणी जवळ आली होती, बाक भरलेले दिसायला हवे होते.
मी धाकट्या रवळूला उठवून
भागूशेजारी बसवायला गेलो.
तिनं कंपासपेटी मध्ये सरकवली.
"तिथं निंगी हाय."
निंगव्वा तर गणपतीनंतर आईबापासोबत फोंड्याला गेली,
कुठल्याशा इमारतीच्या कामावर.
हजेरीपटात तिच्या नावापुढं मी लाल रेघ
ओढायची बाकी ठेवली होती, आळसानं, दुसरं काही नाही.
"ती येणार हाय?"
"म्हाईत न्हाई. पण जागा तिची हाय."
रवळू परत आपल्या जागी गेला, खूश होऊन.

सोमवारी पाटी समोर आली.
सतरा त्रिक एक्कावन्न. उरला एक.
वरून तीन उतरवले, झाले तेरा.
तिथं तिनं खडू इतका दाबला होता
की शून्याला पांढरी कड आली होती.
मग सहा. सतरा आठे एकशे छत्तीस.
तीनशे आठ.
मी विचारलं नाही कसं सुचलं.
विचारलं असतं तर तिनं माझ्याकडं
वेड्याकडं बघावं तसं बघितलं असतं.

दुपारी सुट्टीत बसून मी हजेरीपट काढला,
लाल पेनाचं टोपण उघडलं, लावलं.
बाहेर कुणीतरी आठवड्याच्या बाजाराचे दर
कन्नडात ओरडत होतं, सोन्ने, सोन्ने.
शून्यालाच म्हणतात तिकडं.
इतकी वर्षं ऐकतोय,
आज पहिल्यांदा कानाला सोनं वाटलं. असो.

शेवटच्या तासाला फळ्यावर नवीन घातलं,
चौतीस हजार अडुसष्ट भागिले सतरा.
वर्गानं सुस्कारा टाकला.
रवळूनं बाकाखाली डोकं घातलं.
भागू बराच वेळ नुसती बघत राहिली,
बोटानं हवेत एकेक आकडा उतरवत.
"ह्यात दोघी गैरहजर हायत की, सर,"
म्हणाली,
आणि पाटी मांडीवर घेतली.